घरात मेसनरी हीटर बांधायचाय? आधी विमा, मग परवाना, मग विटा

आमच्या मेसनरी हीटरचे, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या विटांच्या शेगडीचे, माझ्या फोनमध्ये ११४ फोटो आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ एकाही फोटोत आख्खी शेगडी दिसत नाही. कुठे नुसता खड्डा आणि सळया, कुठे विटेला लावलेला टेप, कुठे भिंतीतल्या लाकडी खांबापासून विटेपर्यंतचं चार इंचांचं अंतर. घरी आलेले पाहुणे हे बघून जांभया देतात. विमा कंपनीला मात्र त्यांतले नऊ फोटो पाठवले आणि तीन आठवडे अडकलेली फाइल दोन दिवसांत सुटली.

मी मिनेसोटात, ट्विन सिटीजच्या जरा बाहेर राहतो. पेशानं कॉम्प्युटरवाला, फायरब्रिक (जाळ सोसणारी वीट) पहिल्यांदा हातात धरली ती ह्याच कामात. त्यामुळे शेगडी बांधायची कशी ते इथे सांगणार नाही, ते गवंड्याचं काम. कुणाला कुठला कागद कधी द्यायचा, कुठल्या शब्दांत बोलायचं, एवढंच सांगतो. नियम अमेरिकेतले आहेत. कॅनडा आणि जर्मनीतल्या मंडळींसाठी शेवटाकडे थोडं आहे.

ही वस्तू काय आहे, ते आधी स्वतःला पाठ हवं

मेसनरी हीटरला मराठीत शब्द नाही. आमच्या घरात 'शेगडी' म्हणतात, म्हणून इथेही तेच. कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. जुन्या चुलीला शेजारी वैल असायचा. चुलीतला जाळ बाहेर पडण्याआधी वैलाखालून जायचा आणि त्याच्यावर आमटी गरम राहायची. अंघोळीच्या बंबात मधल्या नळीतून धूर वर जाता जाता भोवतीचं पाणी तापवायचा. मेसनरी हीटरमध्ये पाण्याच्या जागी दोन-चार टन विटा किंवा दगड असतो आणि धुराची वाट सरळ वर न जाता खाली-वर वळसे घेत जाते. दिवसातून एकदा, फार थंडी असेल तर दोनदा, दीड-दोन तास चांगला भडकता जाळ करायचा. धूर वाटेत आपली उष्णता विटांना देतो आणि विटा ती पुढचे बारा-चोवीस तास खोलीत सोडत राहतात. जाळ कोंडून रात्रभर धुमसत ठेवायचा नसतो, म्हणून लाकूड पुरतं जळतं आणि धुराड्यात क्रिओसोटचं डांबर फारसं साठत नाही.

उत्तर युरोपात हे जुनंच आहे. स्वीडनमध्ये लाकडाची टंचाई झाली तेव्हा कमी लाकडात जास्त ऊब देणारी भट्टी काढायचं काम कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे ह्या दोघांकडे आलं आणि १७६७ मध्ये त्यांनी वळशावळशाच्या धूरवाटांची 'काकेलुंग्न' मांडली. फिनलंडमध्ये हीच वस्तू संगजिऱ्याच्या दगडात बांधतात.

अमेरिकेत मात्र परवाना देणाऱ्या माणसानं आयुष्यभर दोनच गोष्टी पाहिलेल्या असतात: फायरप्लेस आणि वुड स्टोव्ह. तुमची वस्तू दोन्हींत बसत नाही. मग तो ती जवळच्या रकान्यात ढकलतो आणि पुढची सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते. म्हणून एएसटीएम ई १६०२ ह्या मानकातली व्याख्या कागदावर छापून जवळ ठेवा. तिचा मथितार्थ असा: धुराडं आणि खालची बैठक सोडून वजन किमान ८०० किलो, म्हणजे १,७६० पौंड, फायरबॉक्सची (जाळ पेटतो त्या कप्प्याची) दारं घट्ट बसणारी, धुराड्यात शिरण्याआधी धुराला निदान एक १८० अंशांचं वळण, फायरबॉक्सपासून धुराड्यापर्यंतची सगळ्यांत छोटी वाटसुद्धा फायरबॉक्सच्या सगळ्यांत मोठ्या मापाच्या दुप्पट लांब, आणि नेहमीच्या वापरात, दारालगतचा भाग सोडून, बाहेरचा पृष्ठभाग ११० अंश सेल्सिअसच्या, इथल्या भाषेत २३० फॅरनहाइटच्या वर जात नाही.

ह्यातलं शेवटचं वाक्य विमावाल्यासाठी. लोखंडी स्टोव्हचा पत्रा कितीतरी जास्त तापतो, हे त्यालाही ठाऊक असतं.

आणखी एक अडचण आत्ताच सांगून टाकतो, कारण ती हमखास येते. अर्ज भरताना कुणीतरी 'ईपीए सर्टिफिकेशन नंबर' मागतं. ईपीए म्हणजे इथली पर्यावरणाची सरकारी संस्था. ईपीएचे लाकडी हीटरचे नियम १९८८ पासून आहेत, २०१५ मध्ये ते कडक झाले, आणि १५ मे २०२० पासून नवा वुड स्टोव्ह तासाला २ ग्रॅमपेक्षा (सरपणावर चाचणी घेतली असेल तर २.५ ग्रॅमपेक्षा) जास्त धूलिकण सोडत असेल तर विकता येत नाही. पण मेसनरी हीटर ह्या नियमातून वगळलेले आहेत. २०१४ च्या मसुद्यात त्यांच्यासाठी वेगळा भाग होता, अंतिम नियमात तो गाळला. तेव्हा नंबर नसणं हा तुमचा दोष नाही. रकाना रिकामा मात्र सोडू नका. 'मेसनरी हीटर, ईपीएच्या नियमातून वगळलेला' असं लिहा. रिकामा रकाना दिसला की क्लार्क फाइल बाजूला ठेवतो. हे ज्ञान भारतात सातबाऱ्याच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पहिला फोन विम्याला

बहुतेक लोक आधी गवंडी शोधतात, मग परवाना, आणि शेगडी पेटल्यावर कधीतरी विमा. मी उलट सांगतो. नगरपालिकेचा परवाना नियमात बसला की मिळतो. विमा कंपनीला मात्र 'नाही' म्हणायला नियमाची गरज नसते. आणि घरावर कर्ज असेल तर विमा असणं बँकेची अट आहे.

माझी चूक अशी झाली. कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि म्हणालो, 'आम्ही लाकडावर चालणारा हीटर बसवतोय.'

पलीकडून: 'वुड स्टोव्ह?'

'तसंच काहीसं.'

'घर गरम करायचं मुख्य साधन तेच?'

'हो, बऱ्यापैकी.'

झालं. महिनाभरात पत्र आलं की मुख्य साधन वुड स्टोव्ह असलेल्या घरांची पॉलिसी आम्ही नूतनीकरण करत नाही. दोन्ही उत्तरं मीच दिली होती आणि दोन्ही चुकीची होती. 'तसंच काहीसं' हे मराठी माणसाचं संकोचाचं उत्तर, ते इथे फॉर्मवर टिक होऊन बसतं. आणि भिंतीवर थर्मोस्टॅट असलेली गॅसची फर्नेस घरात चालू होती, म्हणजे कागदोपत्री मुख्य साधन तीच. विमावाल्याची काळजी साधी असते: तुम्ही फेब्रुवारीत पंधरा दिवस पुण्याला गेलात तर घर कोण गरम ठेवणार, पाइप गोठून फुटले तर? आपोआप चालणारी फर्नेस आहे म्हटलं की ही काळजी संपते.

म्हणून हेल्पलाइन नको. एजंट गाठा, शक्यतो अनेक कंपन्यांचं काम करणारा स्वतंत्र एजंट, आणि फोन न करता मेल लिहा. मेलमध्ये एवढं असू द्या: साधनाचं नाव मेसनरी हीटर, आयआरसी ह्या रहिवासी कोडमध्ये त्यासाठी आर १००२ हे स्वतंत्र कलम आहे, बांधकाम एएसटीएम ई १६०२ प्रमाणे किंवा यूएल १४८२ ह्या सुरक्षा-मानकाच्या यादीतल्या तयार किटप्रमाणे, मुख्य साधन गॅस फर्नेस, हे पूरक, बांधणारा कोण आणि त्याचा अनुभव काय, परवाना घेतला जाईल आणि अंतिम तपासणीची प्रत पाठवली जाईल. शेवटी थेट प्रश्न विचारा: अंडररायटरला (कंपनीत धोका तोलून हो-नाही ठरवणाऱ्याला) ह्याशिवाय काय लागेल? एजंटला स्वतःला अधिकार नसतो, तो पुढे पाठवतो. पुढून येणारं उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.

उलट प्रश्न येतील ते बहुधा असे: धुराडं नवं की जुनं, कोण साफ करणार, घरात स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म कुठे आहेत, अग्निशामक हायड्रंट किती फुटांवर आणि स्टेशन किती मैलांवर. शेवटच्या दोन्हींचा संबंध आयएसओ (इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस) ह्या संस्थेच्या वर्गवारीशी आहे. अग्निशमन व्यवस्थेला ती १ ते १० असा क्रमांक देते, १ सगळ्यांत चांगला. गावाबाहेर राहणाऱ्यांचा क्रमांक आधीच वाईट असतो, तिथे लाकूड म्हटलं की अंडररायटर आणखी सावध होतो.

नकार आला तर भांडू नका, दुसरी कंपनी बघा. शेवटचा पर्याय म्हणून सरप्लस लाइन्सचा, म्हणजे नेहमीच्या कंपन्या नाकारतात ते धोके घेणाऱ्यांचा बाजार असतो. तो महाग पडतो. आणि न सांगता बांधायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. उद्या स्वयंपाकघरातल्या वायरिंगनं आग लागली तरी पंचनाम्याला आलेल्या माणसाला दिवाणखान्यातली तीन टनांची शेगडी दिसणारच आहे.

आणखी एक गोष्ट एजंट आपणहून सांगत नाही: शेगडी घराचा भाग होते, म्हणून घर पुन्हा बांधायचा खर्च वाढतो. मंजुरी आली की त्याच मेलमध्ये विम्याची रक्कम वाढवून घ्या.

तुमच्या गावात चालतं का

हे पटकन बघून घ्या. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को बे एरियात १ नोव्हेंबर २०१६ पासून नव्या बांधकामात लाकूड जाळणारं कुठलंच साधन बसवता येत नाही. तिथे नवं घर बांधणाऱ्या मराठी मंडळींनी हा लेख करमणूक म्हणून वाचावा. वॉशिंग्टन आणि कोलोरॅडो ह्या राज्यांचे हवेचे नियम स्वतःचे आहेत, तिथे मान्यता असलेलंच मॉडेल घ्यावं लागतं. एचओए (वसाहतीतली घरमालकांची संघटना) असेल तर छपरावर दिसणाऱ्या धुराड्यासाठी त्यांच्या समितीची वेगळी मंजुरी, आणि ती नगरपालिकेच्या आधी. समितीला आत काय जळतंय ह्याच्याशी देणंघेणं नसतं, विटेचा रंग शेजारच्या घराशी जुळतो का ते बघतात.

खेड्याकडच्या काही टाउनशिपमध्ये बांधकाम खातंच नसतं. 'बरं झालं, परवाना नको' असं वाटेल. पण मग विमा कंपनीला दाखवायला अंतिम तपासणीचा कागदही नसतो. तिथे स्वतःच्या खर्चानं परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि प्रमाणित चिमणी तपासनीस आणून त्यांची पत्रं घ्यावी लागतात.

गवंडी आणि किट

साधा वीटकाम करणारा माणूस, कितीही चांगला असला तरी, इथे उपयोगाचा नाही. आतली फायरब्रिकची गाभ्याची भिंत आणि बाहेरची दर्शनी भिंत वेगवेगळ्या फुगतात. त्यांच्यामध्ये फट सोडायची असते. ती न सोडल्यामुळे तडे गेलेल्या शेगड्या मी पाहिल्या आहेत. मेसनरी हीटर असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका, म्हणजे एमएचए, गवंड्यांना प्रमाणपत्र देते. अशा माणसाचं नाव अर्जावर असलं की इन्स्पेक्टरचे निम्मे प्रश्न कमी होतात.

जागेवर संपूर्ण हातानं बांधायची की तयार गाभ्याचं किट आणायचं, हा पैशांइतकाच कागदांचा प्रश्न आहे. किटबरोबर छापील पुस्तिका, मापांचे आराखडे आणि चाचणीचे कागद येतात. हाताच्या कामाला हे सगळं तुम्हाला जमवावं लागतं, बहुधा इंजिनिअरच्या सहीनं. पहिलीच वेळ असेल तर किट घ्या. मला हातानं बांधायची हौस होती. बायकोनं विचारलं, 'तुला शेगडी हवीय की प्रकल्प?' किट आणलं.

गवंड्याकडून दोन गोष्टी पैसे देण्याआधी मागा: त्याच्या विम्याचं प्रमाणपत्र, आणि परवाना कोण काढणार ह्याचं लेखी उत्तर. मालकानं स्वतःच्या नावावर परवाना काढला तर काम नियमात बसवायची जबाबदारी मालकाची. 'तुम्हीच काढा, स्वस्त पडेल' असं कुणी म्हणालं तर स्वस्त कुणाला, ते विचारा.

किट निवडताना पाण्याच्या कॉइलचा मोह टाळा. शेगडीतून अंघोळीचं पाणी तापवायचं हे ऐकून आपल्यातला बंब जागा होतो, पण दाब, वाफ, रिलीफ व्हॉल्व्ह हे सगळं वेगळ्या परवान्याचं आणि वेगळ्या इन्स्पेक्टरचं काम आहे. भट्टीचा कप्पा मात्र जरूर घ्या. त्याला वेगळा कागद लागत नाही आणि त्यात वांगं अप्रतिम भाजलं जातं.

आराखडा: इथेच काम होतं किंवा अडतं

अर्जासोबतचा आराखडा हाताचा असला तरी चालतो, आकडे मात्र स्पष्ट हवेत. तुमच्या गावानं कोडची कुठली आवृत्ती स्वीकारली आहे ते आधी विचारा, मग आर १००२ चे आकडे त्याच कलमाचा उल्लेख करून लिहा.

लाकूड किंवा लाकडी सांगाडा शेगडीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून किमान ४ इंच लांब, आणि हेसुद्धा फायरबॉक्सची भिंत किमान ८ इंच आणि धूरवाटांची भिंत किमान ५ इंच जाड असेल तर. शेगडीचं वरचं झाकण आणि लाकडी छत ह्यांच्यात किमान ८ इंच. ही जागा मोकळी ठेवायची, हवा खेळली पाहिजे. इन्सुलेशन कोंबून ती बंद करायची नाही, दिसायला बरी दिसावी म्हणून फळी ठोकायची नाही. किटची पुस्तिका जास्त अंतर सांगत असेल तर पुस्तिकेचं खरं. भूकंपाच्या पट्ट्यात असाल तर पायाशी जोडणीचे वेगळे नियम लागतात. मिनेसोटात तो प्रश्न नाही.

फायरबॉक्सच्या तळाला किमान ४ इंच न जळणारं साहित्य, आणि त्याखाली पाया. ह्या पायानं आमचा महिना खाल्ला. घराला तळघर आहे, त्याची फरशी काँक्रीटची, तीन टन सहज पेलेल असं मी धरून चाललो होतो. गवंड्यानं एका कोपऱ्यात ड्रिल मारलं, वाकून तार घातली आणि अंगठ्यानं खूण करून वर धरली: साडेतीन इंच. कोडला हवा १२ इंच जाडीचा पाया, तोही वरच्या बांधकामाच्या सगळ्या बाजूंनी ६ इंच बाहेर आलेला आणि न हललेल्या मातीवर टेकलेला. फरशी कापली, खणलं, सळया घातल्या, काँक्रीट ओतलं, तळघरातून वरपर्यंत ब्लॉकचा खांब आणला. तुम्ही हे ड्रिल अर्ज करण्याआधी मारा. धुराडं घराबाहेर उभं करणार असाल तर त्याचा पाया जमीन गोठते त्या पातळीच्या खाली न्यावा लागतो: मिनेसोटाच्या दक्षिण भागात ४२ इंच, उत्तरेत ६० इंच.

धुराड्याचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, तरी लिहा: छपरातून बाहेर पडतं तिथून किमान ३ फूट उंच, आणि १० फुटांच्या परिसरातल्या घराच्या कुठल्याही भागापेक्षा किमान २ फूट उंच. घराच्या आतून जाणाऱ्या विटांच्या धुराड्याभोवती लाकडापासून २ इंच मोकळी जागा. तयार धातूचं धुराडं घेतलं तर यूएल १०३ एचटी लिहिलेलंच, आणि त्याच्या पुस्तिकेतली पानं जोडा. जुनं धुराडं वापरायचा विचार असेल आणि त्यात गॅसच्या वॉटर हीटरचा धूर जात असेल, तर एकाच नळीत दोघांना जागा नाही.

आता एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी. आपल्याकडे फोडणीचा धूर आणि वास बाहेर जावा म्हणून स्वयंपाकघरात ताकदवान हूड असतो. आमचा ६०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा ओढणारा होता. हल्लीची घरं हवाबंद. हूड चालू केला की तो घरातली हवा ओढून बाहेर फेकतो आणि तेवढी हवा आत यायला सगळ्यांत सोपी वाट कुठली? धुराडं. म्हणजे इकडे मोहरी तडतडली की तिकडे शेगडीचा धूर, आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, दिवाणखान्यात. ४०० सीएफएमच्या वरच्या हूडला बदली हवेची सोय करावी असं कोडमध्येच आहे, पण घर घेताना ती आहे का हे कोण बघतं? शेगडीच्या अर्जात प्लॅन तपासणारा हे हमखास विचारतो. आमच्या आराखड्यावर त्यानं लाल पेननं एकच शब्द लिहून परत पाठवलं होतं: 'हूड?' बाहेरून शेगडीला थेट हवा आणणारा पाइप आणि हूडशी जोडलेला हवेचा डँपर (झडप), असं दोन्ही दाखवल्यावर सही झाली.

खिडकीवर

अर्ज ऑनलाइन भरता आला तरी एकदा प्रत्यक्ष जा. ज्या माणसानं ही वस्तू कधी पाहिली नाही त्याला स्क्रीनवर 'नामंजूर' दाबणं सोपं असतं. मी व्याख्येचा कागद, किटचा उभा छेद आणि आर १००२ चं पान अशी तीन पानं पुढे ठेवली. खिडकीवरच्या माणसानं दहा मिनिटं छेद बघितला आणि म्हणाला, 'म्हणजे धूर आधी खाली येतो?' तिथून गप्पाच सुरू झाल्या.

समोरचा माणूस आर १००१, म्हणजे फायरप्लेसचं कलम उघडून बसला असेल तर शांतपणे पुढचं पान उलटायला सांगा. तुमच्या आराखड्यात काही वेगळं असेल तर आर १०४.११ मध्ये पर्यायी पद्धतीला मंजुरी द्यायचा अधिकार बांधकाम अधिकाऱ्याला आहे. अर्ज लेखी करा, चाचणीचे कागद जोडा. एखादी मागणी जास्तीची पण स्वस्त असेल तर मान्य करून टाका. आमच्याकडे दारापुढच्या न जळणाऱ्या फरशीला फायरप्लेसचंच माप लावलं, पुढे १६ इंच आणि बाजूंना ८. दोन टाइल जास्त लागल्या. त्यावर वाद घालायला मला वेळ नव्हता.

परवाना मिळाला की १८० दिवसांत काम सुरू व्हावं लागतं. किट परदेशातून येणार असेल तर तारखा जुळवूनच अर्ज करा.

तपासण्या, आणि ते ११४ फोटो

पहिली तपासणी काँक्रीट ओतण्याआधी, खड्डा आणि सळया उघड्या असताना. दुसरी मधली, गाभा उभा राहिल्यावर दर्शनी भिंतीनं तो झाकण्याआधी. हिच्या तारखेसाठी गवंड्याच्या मागे लागा, कारण त्याला हात चालू असताना थांबायला आवडत नाही. धुराडं छतातून जातं तिथली फायरब्लॉकिंगही (आग पसरू नये म्हणून फट बंद करणं) छत बंद होण्याआधी दाखवावी लागते. शेवटची अंतिम.

इन्स्पेक्टर येईल तेव्हा येईल, फोटो मात्र रोज काढा. टेप लावून, आकडा वाचता येईल असा, आणि एक फोटो जरा लांबून, म्हणजे तो कोपरा तुमच्याच घरातला आहे हे कळेल. नुसत्या विटेचा जवळचा फोटो कुणाच्याही शेगडीचा असू शकतो, आणि मला विमा कंपनीनं नेमकं हेच ऐकवलं होतं.

परवान्याचं काम निघालं की घरातले स्मोक अलार्म आजच्या कोडप्रमाणे करून घ्यावे लागतात, कार्बन मोनॉक्साइडचेही. मिनेसोटात प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १० फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. जुना अलार्म असेल तर मागे छापलेली तारीख बघा. आमचे दोन बाद झाले.

अंतिम तपासणीआधी शेगडी पेटवायची नाही, कितीही थंडी असो. तसंही नव्या बांधकामात पाणी भरलेलं असतं. काही आठवडे सुकू द्यायचं, मग मूठभर काटक्यांपासून जाळ रोज थोडाथोडा वाढवत न्यायचा. घाई केली तर वाफेनं तडे जातात आणि तो खर्च कुठल्याच विम्यात बसत नाही.

विम्याचं पाकीट

अंतिम सही झाली की त्याच आठवड्यात एजंटला एकच पीडीएफ पाठवा: परवाना, अंतिम तपासणीचा कागद, किटची पुस्तिका, गवंड्याचं पत्र, निवडक फोटो, अलार्मच्या जागा. दहा मेलमध्ये दहा जोडण्या पाठवल्यात तर अंडररायटरपर्यंत चारच पोचतात. उत्तरात 'मेसनरी हीटर' हा शब्द आणि पॉलिसी नंबर दोन्ही आहेत ना ते बघा. 'ऑल गुड!' एवढ्याच उत्तरावर समाधान मानू नका; वर्षभरानं तो एजंट नोकरी सोडून गेलेला असतो.

पुढे दर वर्षी धुराडं तपासून घेतल्याची पावती ठेवा. एनएफपीए २११ ह्या अग्निसुरक्षेच्या मानकात तपासणीचे तीन स्तर आहेत, त्यांतले दोन आपल्या कामाचे: काहीच बदललं नसेल तर पहिला, घर विकताना किंवा धुराड्यात बदल केल्यावर दुसरा. लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं हवं. ओकला वाळायला दोन वर्षं लागतात, तेव्हा ते शेगडीच्या आधी विकत घ्या. आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत धुराड्याचा डँपर बंद करू नका, ऊब वाया जातेय असं कितीही वाटलं तरी.

कॅनडा आणि जर्मनी

कॅनडात विमा कंपनीचा पहिलाच प्रश्न 'वेट तपासणी झाली का?' हा असतो. वेट म्हणजे डब्ल्यूईटीटी, लाकडी साधनांचे प्रशिक्षित तपासनीस. बसवण्याचे नियम सीएसए बी ३६५ मध्ये. अहवालाशिवाय पुढे काही हलत नाही, तेव्हा तपासनिसाला बांधकाम सुरू होण्याआधीच आराखडा दाखवा. मॉन्ट्रियलमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून तासाला २.५ ग्रॅमपेक्षा जास्त धूलिकण सोडणारं साधन वापरायला बंदी आहे, आणि प्रमाणित आकडा तुम्हीच दाखवायचा असतो.

जर्मनीत काम एका अर्थी सोपं आहे, कारण तिथे काखेलओफेन, म्हणजे टाइल लावलेली हीच शेगडी, सगळ्यांना माहीत आहे. धुराचे नियम '१. बीआयएमएससीएचव्ही' ह्या प्रदूषणाच्या नियमावलीत, आणि तुमच्या भागाचा नेमलेला चिमणी-तपासनीस, श्लोटफेगर किंवा शोर्नस्टाइनफेगर, सही करेपर्यंत पेटवायचं नाही. म्युनिकच्या माझ्या मित्रानं त्याला आराखडा काढण्याआधीच चहाला बोलावलं होतं. तेच बरोबर.

राखेचा डबा

मंजुरीनंतर विमा कंपनीनं एकदा माणूस पाठवला. त्यानं शेगडीकडे पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, 'राख कुठे टाकता?' मी गॅरेजमधली प्लॅस्टिकची बादली दाखवणारच होतो. बायकोनं मागच्या दाराबाहेर, लाकडी डेकपासून दूर, फरशीवर ठेवलेला झाकणाचा पत्र्याचा डबा दाखवला. राखेत निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो, हे तिला आजीच्या चुलीवरून माहीत होतं: रात्री राखेनं झाकलेल्या निखाऱ्यावर सकाळी चूल पेटायची. त्यानं डब्याचा फोटो काढला, आणि तो आमच्या फाइलमधला शेवटचा फोटो.